राख आणि चिंच : धाराशिव परिसरातील पितळेची कोरडी व ओली घासणी

पितळ हा तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. भांड्यांच्या पितळेत साधारण ६० ते ७० टक्के तांबे असते आणि उरलेले बहुतेक जस्त. बंदुकीच्या काडतुसाची पुंगळी ज्या पितळेची होते त्यात हे प्रमाण ७० आणि ३० असे ठरून गेले आहे. नवे पितळ सोन्यासारखे दिसते, पण हवा, ओल, हाताचा घाम आणि चुलीचा धूर त्याला तसे राहू देत नाहीत. आधी त्यावर तपकिरी झाक येते, मग ते काळवंडते. हा काळेपणा म्हणजे धातूच्या ऑक्साइडचा आणि धुरातल्या गंधकामुळे बनणाऱ्या सल्फाइडचा पातळ थर होय. ओल आणि आंबटपणा टिकून राहिला तर त्यावर हिरवा जंगाल चढतो. कल्हई (आतून कथलाचा मुलामा) नसलेल्या पितळी भांड्यात दही किंवा ताक राहिले की त्यात तांब्याचे क्षार उतरतात, चव बिघडते आणि ते पोटाला बाधते. मराठीत या सगळ्या प्रकाराला ‘कळकणे’ हा एकच शब्द पुरतो. इतका नेमका शब्द भाषेत रुळतो, तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून.

हा थर काढण्याच्या मुळात दोन रीती आहेत. एक कोरडी : धातूपेक्षा मऊ पण थरापेक्षा कठीण, किंवा अगदी बारीक दाण्याची एखादी वस्तू घेऊन घासायचे आणि थर खरवडून काढायचा. दुसरी ओली : आंबट पदार्थ लावून थर विरघळवायचा आणि पाण्याने धुऊन टाकायचा. धाराशिव जिल्ह्यातील घरांत पहिलीचे साधन राख होते आणि दुसरीचे चिंच. कारखान्यात आणि नेमबाजांच्या कार्यशाळेत पितळेच्या पुंगळ्या फिरत्या पिंपात घालून साफ करतात, तिथेही निवड याच दोहोंतली असते. साधने बदलली तरी धातूचा स्वभाव तोच राहिल्यामुळे प्रश्नही तेच राहिले.

या भेदाची जाण फार जुनी आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तांबे, लोखंड, कांसे, पितळ, कथील आणि शिसे यांची शुद्धी क्षार, आम्ल आणि पाणी यांनी करावी असे सांगितले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीने त्यात आणखी वाटणी केली : कथील, शिसे आणि तांबे यांना क्षार, आम्ल व पाणी, कांसे आणि लोखंड यांना राख व पाणी. हेतू धार्मिक शुद्धीचा असला तरी वाटणीमागे भांडी घासणाऱ्या हातांचे ज्ञान दिसते. याच याज्ञवल्क्यस्मृतीवरची प्रसिद्ध टीका ‘मिताक्षरा’ विज्ञानेश्वराने चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात (१०७६ ते ११२६) कल्याणी येथे लिहिली. ते कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यापासून जवळच. ज्या मुलखात राखेने की आंबटाने हा प्रश्न रोजच्या उंबऱ्यावरचा होता, त्याच मुलखात त्याचे शास्त्रही विवरले जात होते.

धातूचा व्यापार या भागात त्याहूनही जुना आहे. याच जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे म्हटले आहे आणि तिथून गाड्यांनी भडोचला कापड जात असे अशी नोंद आहे. त्याच ग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात तांबे, कथील आणि शिसे यांची नावे आहेत. कथील हा धातू भारतात फारसा सापडत नाही. तो बाहेरूनच यायचा आणि पुढेही येत राहिला. कल्हईच्या धंद्याच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची ठरली, कारण कथील महागले की कल्हई लांबणीवर पडे आणि कल्हई लांबली की भांडी कळकत.

घरातल्या भांड्यांमागे तीन कारागीर उभे असत. तांब्या-पितळेचे पत्रे ठोकून घागर, हंडा, कळशी, घंगाळ घडवणारा तो तांबट. मुशीत धातू वितळवून समई, घंटा, मूर्ती ओतणारा तो ओतारी. आणि भांडी व बांगड्या यांचा व्यापार चालवणारा तो कासार. १९८२ पर्यंत लातूर याच जिल्ह्याचा भाग होते आणि तिथल्या पेठेत अडकित्ते, कुलपे आणि पितळी भांडी यांचा मोठा बाजार होता. लग्नात मुलीला दिलेल्या भांड्यावर नाव, गाव आणि साल कोरून घेण्याची पद्धत होती. ‘नाव घालणे’ असे त्याला म्हणत. जुन्या पितळेचा इतिहास वाचण्याचे ते एक चांगले साधन आहे, पण त्यातली पुष्कळ नावे आज वाचता येत नाहीत. ती झिजली आहेत, आणि झिजली ती रोजच्या राखेने.

राखेची रीत कोरडी म्हणतात ती पूर्ण पाण्याविना चाले म्हणून नाही, तर काम पाणी करत नाही म्हणून. या भागातील चुलीत तूर काढल्यावर उरलेल्या तुराट्या, कापसाच्या पऱ्हाट्या, बाभळीची लाकडे आणि शेणाच्या गोवऱ्या जळत. त्यांची राख सकाळी चुलीतून काढून चाळली जाई. खडा राहिला तर भांड्यावर चरे पडत. मग अंबाडीच्या वाखाचा, नारळाच्या शेंडीचा किंवा सुंभाचा बोळा घेऊन त्याने भांडे घासायचे. राखेत दोन गुण असतात. तिच्यातले सिलिकाचे बारीक कण थर खरवडतात, आणि तिच्यातला पोटॅशियम कार्बोनेटसारखा क्षार तेलातुपाचा चिकटा साबणासारखा करून सोडवतो. खरकट्या, तेलकट भांड्याला राखेइतके योग्य दुसरे काही घरात नव्हते. कठीण डाग असेल तर विटेचा भुगा किंवा बारीक वाळू वापरत. रांगोळीचे पीठही चाले. तेही दगडाचेच बारीक चूर्ण असते.

राखेची उणीव अशी की ती भांडे स्वच्छ करते पण उजळत नाही. पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म ओरखडे राहतात आणि त्यामुळे चमक मंद, दुधाळ दिसते. कोपऱ्यात, काठाच्या वळणात, समईच्या नक्षीत राख अडकून बसते. शिवाय प्रत्येक घासणीबरोबर थोडासा धातू जातो. एका दिवसाची झीज डोळ्याला दिसत नाही, पण ४०-५० वर्षे रोज घासलेल्या तांब्याचा काठ पातळ होऊन धारेला येतो.

चिंचेची रीत याच्या उलट. पिकल्या चिंचेच्या गरात टार्टारिक आम्ल भरपूर असते. या आम्लाने तांब्याचे ऑक्साइड आणि जंगाल विरघळतात, धातू मात्र फारसा विरघळत नाही. म्हणून चिंच चोळली की घासण्याचे श्रम न घेता भांडे डोळ्यांदेखत पिवळे होते. धाराशिव जिल्ह्यात बांधाबांधावर चिंचेची झाडे आहेत. माघ-फाल्गुनात चिंच उतरते, फोडून चिंचोके काढून मिठाबरोबर गोळे करून ठेवतात. जुनी काळी पडलेली चिंच आमटीत जात नाही. ती भांड्यांसाठी बाजूला पडते. चिंचेबरोबर मीठ घेतले की काम आणखी लवकर होते, कारण मिठातला क्लोराइड तांब्याला विरघळायला मदत करतो. चिंच नसेल तेव्हा लिंबाची साल, आंबट ताक किंवा अंबाडीची बोंडे चालत.

चिंचेलाही मर्यादा आहेत आणि त्या जाणकार बायकांना चांगल्या माहीत असत. आम्ल भांड्यावर फार वेळ राहिले तर पितळेतले जस्त आधी निघून जाते आणि पृष्ठभागावर तांब्याची लालसर झाक उरते. भांडे ‘लालावते’ ते असे. तेलाच्या थरावर आम्ल चालतच नाही, कारण ते धातूपर्यंत पोहोचू शकत नाही. आणि चिंचेनंतर पाणी भरपूर लागते. आम्लाचा अंश राहिला तर दुसऱ्या दिवशी भांडे आधीपेक्षा जास्त काळे होते. धुतल्यावर कोरड्या फडक्याने पुसून उन्हात ठेवले नाही तर पाण्याचे डाग उमटतात. दख्खनच्या बेसाल्ट खडकातल्या विहिरींचे पाणी बहुधा जड असते, त्यात चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार असतात. थेंब सुकला की त्याची पांढरी कडी भांड्यावर राहते.

या शेवटच्या मुद्द्यातच धाराशिवच्या रीतीचे मर्म आहे. जिल्हा बालाघाटाच्या पठारावर, पर्जन्यछायेत आहे. वर्षाचा पाऊस ७०० ते ८०० मिलिमीटरच्या आसपास आणि तोही बेभरवशाचा. तेरणा, मांजरा, बोरी, सीना या नद्या पावसाळा संपताच रोडावतात. उन्हाळ्यात विहिरींचे तळ दिसतात. १९७२ च्या दुष्काळाची आठवण या भागातल्या प्रत्येक घरात आहे. जिथे हंडाभर पाण्यासाठी कोसभर चालायचे, तिथे भांडे चिंचेने घासून तीन पाण्यांनी धुणे परवडणारे नव्हते. राखेने घासून, ओल्या फडक्याने पुसून, एका पाण्यात चार भांडी काढून घ्यायची, ही चैत्र-वैशाखाची रीत होती. चिंच सणाची झाली आणि राख रोजची, हे आवडीनिवडीतून घडलेले नाही. पाण्याने ते ठरवले.

सणांचे वेळापत्रकही याला जुळते. तुळजाभवानीचे शारदीय नवरात्र आश्विनात येते. पावसाळा नुकताच संपलेला असतो, ओढ्यांना पाणी असते, आणि घटस्थापनेआधी घरातली अंथरूण-पांघरुणे धुण्याची, माळ्यावरची भांडी उतरवून उजळण्याची घाई असते. वर्षातून एकदा पूर्ण ओली घासणी करण्याइतके पाणी मिळण्याचा हाच काळ. देवघरातले ताम्हण, पळी, पंचपात्र, घंटा, निरांजन आणि समई हे सगळे या वेळी लख्ख होते. नऊ दिवस अखंड तेवलेल्या समईची गोष्ट मात्र वेगळी. तिच्यावर तेल आणि काजळी यांचा चिवट लेप बसतो. तिला थेट चिंच लावली तर काहीच होत नाही. आधी कोमट पाण्यात राख कालवून तेल काढायचे, मग चिंच लावून काळेपणा काढायचा, मग पाणी, मग कोरडे फडके. क्षार आधी आणि आम्ल नंतर हा क्रम रसायनशास्त्राच्या पुस्तकातही असाच आहे; आजच्या कारखान्यांत धातूवर मुलामा देण्यापूर्वी याच क्रमाने तो धुतला जातो.

ज्या हातांनी हे काम केले त्यांची नोंद या इतिहासात सर्वांत कमी आहे. राखेच्या क्षाराने कातडे कोरडे पडते, चिंच-मिठाने त्यातल्या भेगा झोंबतात. मोठ्या कुटुंबात पंगतीची भांडी घासायला अर्धा दिवस जाई, आणि हे काम बहुतेक ठिकाणी घरातल्या सुनांच्या आणि शाळेच्या वयाच्या मुलींच्या वाट्याला येई. पितळेची चमक मोजताना ही किंमत धरली पाहिजे.

घरातल्या घासणीपलीकडचे काम कल्हईवाल्याचे. तो गावात आला की झाडाखाली छोटा खड्डा खणून त्यात कोळसे पेटवी आणि भाता लावी. कल्हई धरण्यासाठी भांड्याचा आतला पृष्ठभाग पूर्ण स्वच्छ हवा. नुसता डोळ्याला स्वच्छ दिसून भागत नाही. मोठ्या हंड्या-पातेल्यांसाठी जी रीत होती ती या विषयात फार मोलाची आहे. भांड्यात वाळू किंवा राख टाकून कल्हईवाल्याचा पोरगा फडक्यावर पाय रोवून आत उभा राही, हाताने काठीचा किंवा भिंतीचा आधार घेई आणि कंबरेतून अंग डावीकडे-उजवीकडे फिरवत राही. पायाखालची वाळू भांड्याच्या तळावर आणि कडांवर गोल घासली जाई. भांडे स्थिर आणि आतला माणूस फिरता, एवढाच फरक सोडला तर फिरत्या पिंपात दाणेदार पदार्थ घालून धातू घासण्याच्या यंत्राचे तत्त्व हेच आहे.

त्यानंतर भांडे तापवून त्यावर नवसागराची पूड टाकत. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापल्यावर त्यातून अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते, पांढरा धूर उठतो, आणि ती आम्लाची वाफ धातूवरचा उरलासुरला ऑक्साइड खाऊन टाकते. म्हणजे पूड कोरडी, काम आम्लाचे, आणि पाण्याचा थेंब नाही. पाणी नसलेल्या गावातही कल्हई होऊ शके ती यामुळे. मग कथलाची कांडी टेकवली की २३२ अंश सेल्सिअसला वितळणारे कथील कापसाच्या बोळ्याने पसरवायचे आणि भांडे पाण्यात बुडवायचे. आतून चांदीसारखे झालेले भांडे पुन्हा काही महिने कळकत नसे.

आता पितळेच्या दुसऱ्या वापराकडे, म्हणजे दारूगोळ्याकडे. धाराशिव जिल्ह्याचा या विषयाशी संबंध किल्ल्यांमुळे येतो. परंड्याच्या किल्ल्यात एके काळी असलेली ‘मलिक-ए-मैदान’ ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली आणि १६३२ मध्ये विजापूरला नेली गेली. ती पितळेची नाही, तांबे व कथील यांच्या मिश्रणाची आहे. पण तोफेची निगाही कोरडी-ओली अशा दोन्ही रीतींची असे. बार उडाल्यावर नळीत काळ्या दारूचा राप आणि धुमसती राख राहते. ओल्या कापडाचा बोळा बांधलेला दांडा आत फिरवून ती विझवायची आणि धुवायची, मग कोरड्या बोळ्याने पुसायची. ओल राहिली तर पुढची दारू पेटत नाही, आणि ठिणगी राहिली तर गोलंदाजाचा जीव जातो.

बंदुकीसाठी पितळेची पुंगळी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. पुण्याजवळ खडकी येथे दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये सुरू झाला. ओढून केलेल्या पुंगळीची कृती अशी : पितळेच्या पत्र्याची वाटी कापायची, ती साच्यातून टप्प्याटप्प्याने ओढून लांब करायची, प्रत्येक ओढीनंतर पितळ कडक होते म्हणून भट्टीत तापवून मऊ करायची. तापवल्याने आलेला काळा थर सौम्य सल्फ्युरिक आम्लात बुडवून काढतात आणि पाण्याने धुतात. अशा जिनसा सुकवण्यासाठी आणि उजळण्यासाठी धातुकामाच्या कारखान्यांत लाकडाच्या भुशाबरोबर पिंपात फिरवण्याची पद्धत होती. म्हणजे पुंगळीच्या जन्मातच आधी ओली आणि शेवटी कोरडी अशा दोन्ही रीती आल्या.

याच काळात भारतात पितळेने एक अनपेक्षित धडा दिला. पावसाळ्यात साठवणीतल्या पुंगळ्या आपोआप तडकू लागल्या. त्यांवर ना कुणी घाव घातला होता, ना त्या वापरल्या गेल्या होत्या. उलगडा असा झाला की काडतुसे घोड्यांच्या पागांजवळ ठेवलेली असत. मूत्र-शेणातून सुटणारा अमोनिया आणि पावसाळ्याची ओल, दोन्ही मिळून ओढकामामुळे आत ताण राहिलेल्या पितळेच्या कणांमधल्या सीमा पोखरत होते. ब्रिटिश धातुशास्त्रज्ञांनी १९२१ मध्ये याचे विवेचन प्रसिद्ध केले. उपाय साधा निघाला : ओढकाम संपल्यावर पुंगळी कमी तापमानाला तापवून आतला ताण घालवायचा. पितळ साफ करताना अमोनिया असलेले द्रावण वापरू नये, हा जो नियम पुढे नेमबाजांनी पाळला, त्याचे मूळ या घटनेत आहे. नवसागराने कल्हई करताना तसा धोका नसे, कारण तापलेल्या भांड्यात ताण उरत नाही आणि कामही क्षणांत आटोपते.

धाराशिव जिल्ह्याने पितळी पुंगळ्यांचा खच पाहिला तो सप्टेंबर १९४८ मध्ये. हैदराबाद संस्थानावरील पोलीस कारवाई १३ सप्टेंबरला सुरू झाली तेव्हा सोलापूरकडून आलेल्या भारतीय फौजेने पहिला ताबा घेतला तो नळदुर्गचा. बोरी नदीवरचा पूल हाती येणे गरजेचे होते. त्या वेळच्या पायदळाचे नेहमीचे काडतूस .३०३ चे, पुंगळी पितळेची. लष्करात आणि पोलिसांत सरावाच्या गोळीबारानंतर पुंगळ्या मोजून परत कराव्या लागतात, हा दंडक आजही आहे. सरकारी पुंगळी पुन्हा भरली जात नाही. ती मोडीत जाते आणि वितळवली जाते.

पुंगळी साफ करून तिच्यात नवी टोपी (दारू पेटवणारी), नवी दारू आणि नवी गोळी भरणे ही रीत शिकारी आणि नेमबाजांची. भारतात आज शस्त्र अधिनियम, १९५९ खाली काडतूस तयार करण्यास परवाना लागतो, त्यामुळे हा छंद म्हणून इथे रुजला नाही. अमेरिका आणि युरोपात तो मोठा आहे. त्याचा इतिहास मात्र राख-चिंचेच्या इतिहासाशी विलक्षण जुळतो. काळ्या दारूच्या काळात पुंगळी पाण्याने धुणे भागच होते, कारण त्या दारूचा राप हवेतली ओल ओढतो आणि काही दिवसांत पितळ खातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूर न करणारी दारू आली, पण टोपीत पाऱ्याचे संयुग असे. पारा पितळेत मुरून ते ठिसूळ करतो, आणि त्याला कोणतीही घासणी उपयोगी पडत नाही. पाऱ्याची जागा शिशाच्या संयुगाने घेतली तेव्हा पितळ पुन्हा पुन्हा वापरता येऊ लागले आणि ते साफ कसे करावे हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला.

पहिले उत्तर कोरडे होते. थरथरणाऱ्या किंवा फिरणाऱ्या भांड्यात मक्याच्या कणसाच्या दांड्याचा भुगा किंवा अक्रोडाच्या कवचाचा चुरा घालतात, त्यात पुंगळ्या टाकतात आणि काही तास चालू ठेवतात. अक्रोडाचे कवच कठीण, ते थर काढते. मक्याचा भुगा मऊ, तो चकाकी आणतो. थोडे पॉलिश घातले की काम लवकर होते. पुंगळ्या लगेच वापरायला तयार, पाणी नको, वाळवणे नको. तोटा तो राखेचाच : आतला राप नीट निघत नाही, टोपीच्या खळगीत मळ राहतो आणि चुऱ्याचे दाणे अडकून बसतात. त्याहून गंभीर म्हणजे टोपीतल्या शिशाची धूळ भुग्यात मिसळते. जुना भुगा उघड्यावर चाळला तर ती श्वासात जाते. म्हणून हे काम मोकळ्या हवेत, तोंडाला कापड किंवा मुखपट्टी लावून करायचे असते. थोडेसे पाणी किंवा ओलसर कागदाचे तुकडे टाकून धूळ बसवण्याची युक्तीही वापरली जाते.

दुसरे उत्तर ओले. सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या आणि सहा मिलिमीटर लांबीच्या स्टेनलेस स्टीलच्या काड्या, पाणी, भांडी धुण्याचे द्रावण आणि चिमूटभर सायट्रिक आम्ल पिंपात घालून पुंगळ्या दोन ते चार तास फिरवतात. काड्या पुंगळीच्या आत आणि टोपीच्या खळगीतही शिरतात. पुंगळी नव्याहून नवी दिसते आणि शिशाची धूळ पाण्यात अडकते. मात्र ते पाणीही विषारी असते, कुठेही ओतून चालत नाही. काड्या वेगळ्या काढाव्या लागतात, एखादी आत राहिली तर धोका; पुंगळ्या पूर्ण वाळवाव्या लागतात, कारण ओल दारू बिघडवते. आम्ल जास्त झाले की पुंगळी चिंचेत विसरलेल्या भांड्यासारखीच लालावते. जड पाण्याने डाग पडतात म्हणून सौम्य पाणी वापरतात. पुंगळ्या फार वेळ फिरल्या तर एकमेकींवर आदळून त्यांच्या तोंडाचे काठ चेपतात. आणि आत एकही काजळीचा कण न उरल्याने गोळी मानेत घट्ट धरली जाते, म्हणून काही अनुभवी नेमबाज मानेला थोडे ग्राफाइट लावतात.

या दोन रीतींत श्रेष्ठ कोणती, याचा निवाडा यंत्रावर होत नाही. पाणी किती आहे, वाळवायला वेळ आणि ऊन आहे का, धातूवर तेल आहे की ऑक्साइड, आणि वस्तू पुढे कशाला वापरायची आहे, या चार गोष्टी पाहाव्या लागतात. धाराशिवच्या घरांनी नेमक्या याच गोष्टी पाहून राख आणि चिंच यांची वाटणी केली होती.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टेनलेस स्टील आले आणि हा सगळा व्यवहार झपाट्याने आटला. स्टील कळकत नाही, कल्हई मागत नाही, राखेची वाट पाहत नाही. पितळी हंडे-घागरी वजनावर मोडीत गेल्या आणि त्या बदल्यात स्टीलचे डबे आले. गॅस आला तशी राखही गेली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ठाण्याच्या ‘पितांबरी’ने तांब्या-पितळेसाठी पूड बाजारात आणली. ओल्या हाताने चोळायची आणि पाण्याने धुवायची ही पूड घासणी व विरघळवणी दोन्ही एकत्र करते. देवघरातले पितळ उजळायला आज बहुतेक घरांत अशीच पूड असते. कल्हईवाले गावोगाव फिरताना क्वचित दिसतात. पितळेची भांडी पुन्हा बाजारात आली आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच शोभेच्या वस्तूंवर पारदर्शक लाखेचा थर असतो. अशा वस्तूला राख लावली तर थर ओरखडतो आणि त्याखालचे पितळ ठिपक्याठिपक्यांनी काळे पडते.

घासणी जिथे मुळीच चालत नाही अशी एक जागा जिल्ह्यातच आहे. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात प्राचीन तगरातील वस्तू जतन केलेल्या आहेत. पुरातन तांब्या-पितळेवरचा जुना, स्थिर झालेला थर हा संग्राहकाच्या दृष्टीने वस्तूचाच भाग असतो. त्यात ती कोणत्या मातीत आणि किती ओलीत पडून होती याची खूण असते. राखेने तो खरवडला जातो, चिंचेने विरघळतो, आणि दोन्हींबरोबर पृष्ठभागावरची बारीक अक्षरे व हत्याराच्या खुणा जातात. अशा वस्तूवरची माती मऊ कुंचल्याने काढतात, ती कोरड्या हवेत ठेवतात, आणि हिरवा थर भुसभुशीत होऊन पसरू लागला तरच प्रयोगशाळेत त्यावर उपचार करतात. शेतात नांगरताना किंवा पाया खणताना सापडलेले तांब्याचे नाणे वा पितळी भांडेही तसेच, न घासता, तहसील कार्यालयात किंवा पुरातत्त्व खात्याकडे पोहोचले पाहिजे.